वीस पावलांचा पट्टा

कस्तुराबाईनं दगड सरकवले ते भर दुपारी. वैशाखाचं ऊन असं की सगळं शिवार रिकामं. मान्सं घरात, जनावरं गोठ्यात, कुत्रं सुद्धा बाहेर न्हाई. तिनं पदर कमरेला खोचला, पहिला दगड हालवून हालवून मोकळा केला, पोटाशी धरला आन वढ्याकडं आठ पावलं नेऊन ठिवला. चुना लावलेला दगड. तिच्या पोलक्यावर पांढरा डाग उतरला. असे सात दगड व्हते. चौथ्याला कमरेत कळ आली तवा ती खाली बसली, तापलेल्या ढेकळांवर हात टेकले, चटका बसला तशी परत उठली. सातवा दगड तिनं उचललाच न्हाई, लोटत लोटत नेला.

आता हे दगड कामून बसवले व्हते ते सांगावं लागतं.

वढा वरून येतो. एका काठाला कस्तुराबाईचा नवरा योगीराज, त्याची दीड एकर. दुसऱ्या काठाला हरिओम, त्याची बावीस एकर, वर कोंबड्याचं शेड. खाली वढा वळतो तितं बौद्धवाड्याचा आड. तेरा घरं त्याच आडाचं पानी पेतात. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात या काठाचं शेनखत आन त्या काठाचं कोंबडखत धो धो पावसानं धुतलं, वढ्यात आलं आन वढ्यातून आडात उतरलं. तेरा घरात हागवन-उलट्या लागल्या. चांगुणाबाईची नात प्रियांका, चार वर्साची पोरगी, परभणीला नेता नेता जीपमधीच गेली. जीप माघारी फिरवली तवा चांगुणाबाईनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आन ड्रायव्हरला म्हनली, "सावकास चालव, आता कायची घाई."

त्याच्या नंतर पान्याची बाटली तपासायला गेली. कृषी सहायक टेप घेऊन आला. म्हनला, वढ्याच्या काठापासून पंधरा मीटर खत टाकायचं न्हाई, नांगर घालायचा न्हाई, गवत वाढू द्यायचं. गवत घान अडवून धरतं, खाली पानी साफ जातं. चांगुणाबाई त्याच्या टेपच्या बाजूनं चालत गेली. तिची वीस पावलं भरली. मंग तिनं विहार रंगवून उरलेला चुना आनला आन दोन्ही काठाला हद्दीवर बसवलेल्या दगडांना स्वतःच्या हातानं फासला.

ग्रामसभेत हरिओम खुर्चीवर पाय हालवत बसला व्हता. पंचायतीचा मेंबर तो. सगळ्यांदेखत म्हनला, "योगीराजभाऊ पट्टा सोडायलेत तर मी बी सोडतो. पन ते पाळतील तवर मी पाळीन. मी एकट्यानं मूर्खावानी जमीन पडीक ठिवनार न्हाई."

योगीराज म्हनला, "आपला शब्द हाय."

शब्द द्यायला काय, जीभ तर लागते. बावीस एकरात वीस पावलं कुठं गेली ते हरिओमला दिसनार बी न्हाई. योगीराजची जमीन मातर वढ्याच्या कडेनं लांबट, पट्टीसारखी. तिचा तिसरा हिस्सा गेला. तो बी कुनचा, तर गाळाचा, काळाभोर, हात घातला तर मनगटापस्तोर जाईल असा. कस्तुराबाई लगीन होऊन आली तवापासून ती माती खुरपत व्हती. गेल्या साली तितं कमरेएवढं पवना गवत उभं राह्यलं आन वरच्या मुरमाड रानात पऱ्हाटी गुडघ्यालाच थांबली. एवढं निंदूनखुरपून बोंडं निघाली ती दोन येचन्यात सरली.

ती कुनाच्या लेकराच्या वायटावर नव्हती. प्रियांका हिच्या मांडीवर बसून भाकरीचा पापुद्रा खायची. पन रोज सकाळी रानात गेलं की ते गवत हालताना दिसायचं आन हिची नजर त्याच्या खालच्या काळ्या मातीवर जायची.

त्यातच सीताराम धनगर दोनशे मेंढरं घेऊन आला. जिंतुराकडचं बिऱ्हाड, दर उन्हाळ्यात गंगेकडं, म्हंजे गोदावरीकडं, उतरतं. जाता जाता लोकांच्या रानात मेंढरं बसवतं. रातभर मेंढरं एका जागी बसली की लेंड्या-मुतानं जमीन अशी तयार होते की दोन वर्सं खत बघावं लागत न्हाई. योगीराजनं त्याच्यासंग तीन राती ठरवल्या, दगड दाखवले, "याच्या आत एक मेंढरू जाऊ द्यायचं न्हाई," म्हनला, आन पाथरीला साडूच्या दहाव्याला निघून गेला.

निघताना कस्तुराबाईला बी म्हनला, "ध्यान ठेव."

तिनं ध्यान ठिवलं. दुपारी दगड सरकवले. तिचा हिशोब साधा व्हता. मिरगाला अजून महिना हाय. तवर ऊन लेंड्या वाळवून त्याचा भुगा करील, माती खाऊन टाकील. पावसाच्या आधी दगड परत जागेवर. गवत असलं तरी जमीन आपलीच हाय, उद्या कवा तरी सुटली तर ताकद तरी राहील. कुनाचं काय जायलंय.

दिवस कलला तसा सीताराम आला. खांद्यावर वाघर, म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी. त्यानं मेखा ठोकायला घेतल्या आन खाली बघून थांबला.

"वैनी, हितं तर गवत हाय."

"मंग?"

"मालक म्हनले व्हते, दगडाच्या वर समदं नांगरल्यालं हाय."

"तेवढा नांगर फिरवायचा राह्यलाय. बैलाचा पाय दुखायलाय."

सीतारामनं दगडाकडं बघितलं, मंग हिच्या पोलक्यावरच्या चुन्याकडं बघितलं. काळा, सुकलेला मानूस, मिशा पांढऱ्या. "दगड हितंच व्हते का?"

"न्हाईतर काय पाय फुटले त्यांना?"

"न्हाई, इचारलं आपलं. जमीन तुमची." त्यानं मेख ठोकली.

तीन राती मेंढरं बसली. जाळी सरकत सरकत पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापस्तोर गेली. गवत जमिनीबरोबर झालं आन वर लेंड्याचा थर. चौथ्या दिवशी सीतारामनं बिऱ्हाड पलीकडच्या गायरानात हालवलं, योगीराज पाथरीहून आला, थकून पडला, रानाकडं फिरकला न्हाई. आन त्याच दिवशी चार वाजता आभाळ काळंनिळं झालं.

गारा पडल्या त्या लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की घरात बोललेलं ऐकू येईना. गारा थांबल्या आन पानी सुरू झालं, अर्धा घंटा, आडवंतिडवं. कस्तुराबाई दारात उभी राह्यली. हातात पीठ तसंच. योगीराज म्हनला, "अवकाळीनं आंबा झोपला बघ समद्यांचा."

तिच्या कानात वढ्याचा आवाज याय लागला व्हता.

सकाळी ती घागर घेऊन आडावर गेली. तिच्या दारात नळ हाय, ग्रामपंचायतीचा, चार दिवसाला येतो. आडावर जायचं तिला काही काम नव्हतं. तरी गेली.

तितं बाया घागरी टेकवून गोल उभ्या व्हत्या. चांगुणाबाईनं पोहरा वर वढला आन फरशीवर उपडा केला. चहावानी पानी. त्याच्यासंगं लेंड्या आल्या, फुगलेल्या, फरशीच्या उतारावरून एक एक घरंगळत गेल्या. वास तर असा की एका पोरीनं नाकाला पदर लावला.

"मेंढराच्या हायत," चांगुणाबाई म्हनली. पुन्हा पोहरा सोडला न्हाई. दोर हातात तसाच धरून उभी राह्यली. एवढं वजन हाताला कशाचं व्हतं तिलाच ठावं.

घंटाभरात गाव जमा झालं. हरिओम मोटरसायकलवर आला, स्टँड लावून रुबाबात उतरला. गायरानातून सीतारामला बोलावलं. तो आला, त्याच्या मागं त्याची बायको नर्मदाबाई, दोन कुत्री.

"कारे, डोळे फुटले व्हते का तुझे?" हरिओम म्हनला. "पांढरे दगड दिसले न्हाईत?"

"दिसले मालक. दगडाच्या वरच बसवली मी."

"मंग लेंड्या काय उडत गेल्या?"

लोक हासले. सीताराम म्हनला, "दगडाच्या आत एक मेंढरू गेलं असंल तर लेकराची आन घेतो."

योगीराज गर्दीतून पुढं आला. शब्द त्यानं दिला व्हता, लाज त्याची जायली व्हती. "मी सोता दाखवलं तुला. बोटानं दाखवलं. लेकराची आन घेतो, भाड्या? हितं लेकरू गेलंय लोकांचं." आन त्यानं सीतारामच्या डोक्याला हात घातला. पटका सुटला आन आडाच्या फरशीवर, त्या लेंड्याच्या पान्यात पडला.

सीतारामनं योगीराजकडं बघितलं न्हाई. कस्तुराबाईकडं बघितलं. नीट, सावकास बघितलं. मंग खाली वाकून पटका उचलला, पिळला आन वला तसाच काखेत धरला. टकलावर पांढरे केस चिकटले व्हते. इतका म्हातारा हाय तो, हे तवा दिसलं.

कस्तुराबाईच्या तोंडात शब्द आला व्हता. खरंच आला व्हता. तिनं घागर खाली बी ठिवली. पन पाय पुढं टाकायच्या आत मागून कुनीतरी तिचं मनगट धरलं. चांगुणाबाई.

"चल जरा," चांगुणाबाई म्हनली.

ती तिला ओढतच वर रानात घेऊन गेली. दगडांपाशी थांबली. मंग वढ्याच्या काठापासून चालाय लागली, तोंडानं मोजत. बारा पावलांवर दगड. ती थांबली न्हाई, आनखी आठ पावलं गेली आन तितं पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर खूण दाखवली. वर्सभर दगड बसला व्हता तितं माती पिवळट, दबल्याली, वाटीवानी खोल. त्यात पावसाचं पानी साचलं व्हतं.

"मेंढरानं दगड उचलले का, कस्तुरा?"

"मावशी, मला वाटलं मिरगाला महिना हाय..."

"गप." चांगुणाबाईचा आवाज चढला न्हाई. रडली बी न्हाई. "मला काय वाटतंय ते तू इचारू नकोस. इचारलंस तर मी हितंच तुझा गळा धरीन. आता ऐक. तू हे कुनाला सांगायचं न्हाई."

"पन तो धनगर..."

"तो उद्या जाईल गंगेला. आमी कुठं जावं? हरिओम काय म्हनला व्हता सभेत? तुमी पाळाल तवर मी पाळीन. तो वर्सभर वाट बघायलाय, तुमचा पाय कवा घसरतो म्हनून. तू तोंड उघडलंस की त्याचं कोंबडखत वढ्याच्या तोंडावर येतं. मेंढराच्या लेंड्या एकदाच्या हायत, आड उपसता येतो. ते खत दर साल येईल." तिनं पहिला दगड वाकून धरला. "हात लाव. जागेवर ठिवू."

दोघींनी मिळून सात दगड परत नेले. एका बाजूनं चांगुणाबाई, एका बाजूनं कस्तुराबाई. चेहऱ्यासमोर चेहरा, पन नजर दगडावर. खाली आडावरून हरिओमचा आवाज येत व्हता. आड उपसायला मशीन लागंल, पावडर लागंल, तवर दंड म्हनून दोन मेंढ्या माझ्या गोठ्यात ठिवायच्या. सीतारामनं हुज्जत घातली न्हाई. परक्या गावात हुज्जत घालून कुनाचं भलं झालंय.

दिवसभर योगीराजच्या मोटरनं आड उपसला. योगीराज सोता आत उतरला, कमरेएवढ्या गाळात, टोपल्यानं घान वर दिली. वर आला तवा अंगाचा वास जाईना. कस्तुराबाईनं पाठीवर पानी वतलं. तो म्हनला, "त्या भाड्यानं मान खाली घालाय लावली." ती पाठ चोळत राह्यली, घासून घासून कातडी लाल झाली तरी चोळत राह्यली.

"अगं, सोलतीस का काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाई दारात आली. काखेत कोकरू, आठ दिवसाचं. कोकराची मान लोंबत व्हती.

"बाई, मेंबराच्या गोठ्यात नेल्यात त्यातली एक याची आई हाय. काल दुपारपासून प्यालं न्हाई. दुसरी मेंढी घेत न्हाई याला, शिंगावर घेती. मेंबराच्या गोठ्यावर गेले तर गडी आत सोडंना. तुमच्या वळखीचे हायत ते. घडीभर पाजू द्या म्हनावं. मेंढी न्हेत न्हाई आमी."

कस्तुराबाई दारातच उभी. योगीराज आत भाकर खात व्हता. म्हनला, "नुसकान करून वर तोंड करून आलेत. जा म्हनावं."

नर्मदाबाईनं ते ऐकलं. हालली न्हाई. हळूच म्हनली, "आमच्या मानसाला मी काल इचारलं. म्हनलं, बोलला का न्हाईस? तर म्हनला, बाईमानसाला चार लोकांत उघडं कसं पाडावं."

एवढंच. कोकरानं तेवढ्यात तोंड उघडलं, पन आवाज निघाला न्हाई.

कस्तुराबाईनं पायात चप्पल बी घातली न्हाई, तशीच निघाली, मागं कोकरू घेऊन नर्मदाबाई.

हरिओम वसरीत दाढी करत बसला व्हता, गालाला साबन. मागं गोठ्यात मेंढी वरडायली व्हती, घसा बसलेला तिचा. कस्तुराबाई अंगनात उभी राह्यली आन एका दमात म्हनली, "भाऊजी, धनगराची मेंढरं सोडा. दगड मी सरकवले व्हते. तो दगडाच्या वरच बसला व्हता."

हरिओमचा वस्तरा गालावर थांबला. ती वाट बघत व्हती, तो आता वरडंल, शिव्या देईल, चार लोकं गोळा करील. तिला तेच पायजे व्हतं. पन त्यानं राह्यलेली दाढी शांतपनी केली, तोंड धुतलं, टावेलानं पुसलं आन गड्याला म्हनला, "सोड रे दोन्ही. गरिबाला खामखा तकलीफ दिली आपन." मंग हिच्याकडं बघून, अगदी घरच्यावानी, "बरं झालं वैनी, तुमीच सांगितलंत. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मी इस्वास ठिवला नसता. चहा घेता का?"

मेंढी सुटली तशी कोकराकडं पळत आली. नर्मदाबाईनं तिला तितंच अंगनात आडवलं आन कोकराच्या तोंडात सड दिला. कोकराची शेपटी हालाय लागली. ती खाली बसूनच म्हनली, "जाते बाई." कस्तुराबाईच्या पाया पडली न्हाई, आशीर्वाद बी दिला न्हाई. दोन्ही मेंढ्या पुढं घालून गायरानाकडं गेली. दुपारपस्तोर बिऱ्हाड निघून गेलं.

त्याच दुपारी हरिओमचा ट्रॅक्टर वढ्याच्या काठाला लागला. आधी नांगर. त्याच्या बाजूचं गवत मुळासकट उलथं झालं, नांगर पार काठापस्तोर गेला, ढेकळं सुटून खाली वढ्यात पडली. मंग ट्रॉल्या. एक, दोन, तीन. कोंबडखताचा ढीग वढ्याच्या उतारावरच उपडा केला. वास गावापस्तोर आला.

योगीराजला तवर कळलं व्हतं. गाव केवढं, बातमी केवढी. तो रानात गेला, बघितलं, माघारी आला. कस्तुराबाई चुलीपाशी बसली व्हती. तिला वाटलं, मारंल. त्यानं मारलं न्हाई. खुंटीवरचा रुमाल घेतला, तोंडावरून फिरवला, परत ठिवला.

"काल मी त्या मानसाच्या पटक्याला हात घातला," तो म्हनला.

"व्हय."

"तू तितंच उभी व्हतीस."

"व्हय."

मंग तो बाहेर गेला, बैल सोडले, नांगर जुंपला. ती दाराशी आली. "कुठं?"

"पट्टा नांगरतो. आता एकट्यानं पडीक ठिवून कुनाला दाखवायचंय. तुला पायजे व्हता ना. घे."

सांजच्याला ती रानात गेली. पट्टा नांगरून काळाभोर झाला व्हता, तीन रातीच्या लेंड्या मातीखाली गेल्या व्हत्या. अशी जमीन तिनं कितीक वर्सात बघितली नव्हती. तिनं खाली बसून हात घातला, मनगटापस्तोर गेला. तसाच काढून घेतला.

खाली आडावर चांगुणाबाई एकटीच व्हती. आडाचं पानी आता बंद म्हनून तिनं कप्पीवरून दोर काढला व्हता आन कोपर-पंजाला गुंडाळायली व्हती, ताईताचा दोरा गुंडाळावा तसा घट्ट. पोहरा बाजूला. कस्तुराबाई खाली उतरली, पन फरशीवर पाय ठिवला न्हाई, कडेलाच थांबली.

"मावशी, त्या लेकराची मान पडली व्हती. आई गोठ्यात बांधल्याली. मी काय करू सांगा."

चांगुणाबाई दोराचं टोक खोचत म्हनली, "खरं बोललीस. बरं केलंस."

तिनं गुंडाळलेला दोर खांद्यावर घातला, पोहरा उचलला. वस्तीतून बाया निघाल्या व्हत्या, डोक्यावर रिकाम्या घागरी, कडेला पोरं. शाळेच्या मागचा हापसा एक कोस हाय, आन तिकडं जायची वाट योगीराजच्या बांधावरून. एकामागं एक त्या कस्तुराबाईच्या अंगावरून गेल्या. एकीनं सुद्धा शिवी दिली न्हाई. शेवटची पोरगी तिच्यापाशी आली तवा तिच्या आईनं मागं वळून हाक मारली, "ये लवकर. अंधार पडायलाय."